उपवासाची कृशता आणि कर्करोगाची झीज

जैन घरांना कृश शरीराची भीती वाटत नाही. पर्युषणात अठ्ठाई करणारी सून, वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने करणाऱ्या आजी, चातुर्मासभर एकासणे धरणारे काका हे सर्वांच्या ओळखीचे आहेत. तपाच्या दिवसांत चेहरे उतरतात, कपडे सैल होतात, आणि घर त्याकडे आदराने पाहते. पुढे पारणे होते, मुगाचे पाणी पोटात जाते, आणि काही आठवड्यांत शरीर पूर्ववत होते. वजन जाते तसे परतही येते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

हाच अनुभव घरात कर्करोगाचा रुग्ण असतो तेव्हा दिशाभूल करू शकतो. रुग्णाचे वजन उतरू लागले की ‘सध्या अन्न जात नाही, उपचार संपले की भरून येईल’ असे म्हटले जाते. काही ठिकाणी तर ‘गाठीला खायला मिळू नये म्हणून पोट हलके ठेवलेले बरे’ असा सल्लाही दिला जातो. परंतु उपवासाची कृशता आणि कर्करोगाची झीज बाहेरून सारख्या दिसल्या तरी शरीराच्या आत त्या परस्परविरुद्ध रीतीने घडतात. हा फरक वेळेवर उमगला तर रुग्णाचे बळ, उपचार सोसण्याची शक्ती आणि कधी कधी आयुष्याचे दिवसही राखता येतात.

उपवासात शरीर काटकसर करते

निरोगी माणूस अन्न सोडतो तेव्हा पहिल्या दिवशी यकृतात साठवलेली साखर वापरली जाते. ती संपल्यावर काही काळ स्नायूंतील प्रथिने मोडून साखर तयार होते. हे असेच चालू राहिले असते तर माणूस फार दिवस टिकला नसता. म्हणून दोन-तीन दिवसांनंतर शरीर मार्ग बदलते. चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार होऊ लागतात आणि मेंदूसुद्धा त्यांच्यावर आपली गरज भागवू लागतो. अमेरिकेतील जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रदीर्घ उपवासातील व्यक्तींच्या अभ्यासातून ही गोष्ट दाखवून दिली. मेंदूची साखरेची मागणी घटली की स्नायूंची मोडतोडही घटते. विश्रांतीच्या वेळी होणारा उष्मांकांचा खर्चही शरीर कमी करते.

दुष्काळात शहाणा शेतकरी कणगीतले धान्य खातो, पण पुढच्या पेरणीचे बियाणे राखून ठेवतो. उपवासातील शरीर तसेच वागते. चरबी हे कणगीतले धान्य आणि स्नायू हे बियाणे. पारण्यानंतर शरीर लवकर सावरते ते बियाणे बरेचसे राखलेले असते म्हणून.

कर्करोगात बियाणेच दळले जाते

कर्करोगात ही काटकसर मोडते. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती या दोहोंकडून रक्तात दाह निर्माण करणारी रसायने सोडली जातात. त्यांपैकी टीएनएफ या रसायनाला १९८० च्या दशकातील संशोधनात ‘कॅकेक्टिन’, म्हणजे झीज घडवणारे, असेच नाव मिळाले होते. ही रसायने मेंदूला भूक नसल्याचा निरोप देतात. स्नायूंमधील प्रथिने मोडणारी यंत्रणा त्यांच्यामुळे वेगाने चालू लागते. यकृत दाहाशी संबंधित प्रथिने बनवू लागते आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंमधूनच ओढून घेते. अन्न कमी जात असूनही शरीराचा खर्च म्हणावा तसा घटत नाही. अनेकांच्या बाबतीत तो वाढतो.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाईट स्थिती’ असा आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन तिची जी व्याख्या निश्चित केली, तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. या अवस्थेत स्नायूंची झीज सतत चालू राहते, मग चरबी घटो वा न घटो. आणि केवळ नेहमीच्या पोषणाने ती पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणूनच ‘नंतर भरून येईल’ हा दिलासा येथे लागू पडत नाही. नंतर भरून काढण्यापेक्षा आज राखणे सोपे असते.

सर्व कर्करोगांत झीज सारखी नसते. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुप्फुस, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगांत ती अधिक आढळते. स्तनाच्या कर्करोगात, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत, ती तुलनेने कमी असते.

वजनकाट्याकडे केव्हा लक्ष द्यावे

२०११ च्या त्याच निकषांनुसार, प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाचा ५ टक्क्यांहून अधिक भाग कमी झाला तर कॅकेक्सिया मानला जातो. ६० किलोच्या व्यक्तीच्या बाबतीत ही घट अवघी ३ किलोची असते. मुळातच सडपातळ असलेल्या किंवा स्नायू आधीच कमी असलेल्या व्यक्तीत २ टक्क्यांहून अधिक घटसुद्धा पुरेशी ठरते. आपल्याकडे ३ किलो वजन उतरणे ही डॉक्टरांना मुद्दाम सांगण्याची गोष्ट समजली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

१९८० मध्ये अमेरिकेत ३,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रासायनिक उपचारांपूर्वी ज्यांचे वजन उतरले होते, ते वजन टिकवून असलेल्या रुग्णांपेक्षा कमी काळ जगले, असे त्यात आढळले. त्यानंतरच्या संशोधनाने स्नायूंचे महत्त्व अधिक स्पष्ट केले. स्नायू कमी असलेल्या रुग्णांना औषधांचे दुष्परिणाम अधिक होतात, आणि मग मात्रा घटवावी लागते किंवा उपचार लांबणीवर पडतात.

येथे एक सापळा आहे. स्थूल दिसणाऱ्या रुग्णाचेही स्नायू आतून झिजलेले असू शकतात, कारण चरबी त्यांना झाकून ठेवते. पोटात किंवा पायांत पाणी साठले तर काटा वजन वाढल्याचे दाखवतो. म्हणून वजनाबरोबर साध्या खुणाही पाहाव्यात. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला आहे का, जिना चढताना मध्येच थांबावे लागते का, डब्याचे झाकण उघडत नाही का, दंड आणि मांड्या बारीक झाल्या आहेत का, बांगड्या किंवा अंगठी सैल झाली आहे का. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

किती खावे, काय खावे

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रुग्णाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे २५ ते ३० उष्मांक लागतात. प्रथिने दर किलोमागे १ ग्रॅमहून अधिक आणि शक्य असल्यास दीड ग्रॅमपर्यंत असावीत. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला दिवसाला १,२५० ते १,५०० उष्मांक आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रथिनांचा विषय निघाला की अंड्याचा सल्ला हमखास मिळतो आणि जैन कुटुंब पेचात पडते. हा पेच सुटण्याजोगा आहे. अंडे प्रथिनांचा सोयीचा स्रोत आहे, पण अपरिहार्य नाही. दूध आणि दुधाच्या पदार्थांतील प्रथिने उत्तम प्रतीची असतात. डाळींमध्ये जे घटक कमी पडतात ते धान्यांत मिळतात आणि धान्यांत कमी असणारे घटक डाळींत मिळतात. वरण-भात आणि मुगाची खिचडी हे त्याचेच घरगुती उदाहरण. मात्र शाकाहारी प्रथिनांसाठी अन्नाचे आकारमान जास्त लागते आणि रुग्णाची भूक तर थोडी असते. म्हणून येथे नियोजन आवश्यक असते.

नियोजनाचा एक नमुना असा. सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे बदामाची पूड घातली तर सुमारे ९ ते १० ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन तासांनी ४० ग्रॅम मूगडाळीची तूप सोडलेली धिरडी दिली तर ९ ग्रॅमच्या आसपास. दुपारी वाटीभर घट्ट वरण आणि दोन पोळ्या यांतून १३ ग्रॅम. मधल्या वेळी ५० ग्रॅम पनीर घेतले तर सुमारे ९ ग्रॅम. सूर्यास्तापूर्वी मुगाची खिचडी ९ ग्रॅम आणि त्याआधी किंवा दुसऱ्या एखाद्या वेळी पुन्हा पेलाभर दूध ६ ते ७ ग्रॅम. दिवसाची बेरीज ५५ ग्रॅमच्या वर जाते. अधिक हवे असल्यास चक्का, भाजलेल्या डाळ्यांचे पीठ, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीनचे पीठ किंवा दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर यांचा उपयोग होतो. पावडरच्या डब्यावरील घटकांची यादी वाचून घ्यावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत कच्चे दूध-दही आणि डाळी एकत्र येत नाहीत. दिवसभरात थोडे थोडे सहा वेळा खाण्याच्या या पद्धतीत तो नियमही सहज सांभाळला जातो.

वरणात आणि भातावर एकेक चमचा तूप अधिक घातले तर घासांची संख्या न वाढवता प्रत्येक चमच्यामागे सुमारे ४५ उष्मांक वाढतात. बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घेता येते आणि राजगिऱ्याची खीर किंवा लाडू थोड्या घासांत बरीच ऊर्जा देतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. त्याची तपासणी करून घेणे हिताचे.

‘साखर खाल्ली की गाठ वाढते’ या समजापोटी अनेक घरांत रुग्णाचा भात, फळे आणि गूळ बंद होतो. अन्नातील साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही. शरीर प्रथिने मोडून रक्तातील साखर टिकवून धरते आणि ती प्रथिने स्नायूंचीच असतात. म्हणूनच युरोपातील त्याच मार्गदर्शनात, वजन उतरत असलेल्या किंवा उतरण्याचा धोका असलेल्या रुग्णांनी उष्मांक तोडणारे आहार घेऊ नयेत असे म्हटले आहे. मधुमेह असलेल्यांनी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार ठरवावा.

व्रत, नियम आणि आजारपण

विगई म्हणून ज्यांचा त्याग केला जातो ते दूध, दही, तूप, तेल आणि गूळ हेच पदार्थ झिजणाऱ्या रुग्णाला सर्वाधिक उपयोगी असतात. आयंबिलाचे अन्न तूप, तेल, दूध आणि मीठमसाला यांशिवायचे असते. निरोगी साधकासाठी तो संयमाचा अभ्यास आहे. ज्याचे स्नायू रोज झिजत आहेत त्याच्या शरीरातून मात्र तो दिवस परत न मिळणारे काही घेऊन जातो. उपवासाबाबतही तेच. निरोगी शरीर काही दिवसांत काटकसरीच्या मार्गावर येते. दाहाने ग्रासलेल्या शरीराला तो मार्ग नीट सापडत नाही.

रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न वेगळा आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि नवकारसी करणाऱ्यांचा सकाळचा पहिला घास आठच्या आसपास पडतो. खाण्यासाठी हाती उरतात दहा तास, आणि मधले चौदा तास शरीर रिकामे राहते. या दहा तासांत सहा वेळा थोडे थोडे खाणे शक्य आहे, परंतु त्यासाठी घरातील कोणीतरी वेळापत्रक सांभाळावे लागते. सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे खाणे हलके न ठेवता प्रथिनयुक्त ठेवावे. सकाळी नवकारसीची वेळ होताच दुधाचा पेला तयार असावा. उलट्या किंवा जुलाब होत असताना रात्री पाणीही न घेणे धोक्याचे ठरू शकते.

पच्चक्खाणात आगार ठेवण्याची परंपरा जुनी आहे आणि आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषधासाठी दिलेली सूट त्यांपैकीच एक आहे. कोणत्या नियमाला किती सूट घ्यावी हे रुग्णाने स्वतः, गुरुमहाराजांना आजाराची पूर्ण माहिती देऊन आणि डॉक्टरांना आपला नियम मोकळेपणाने सांगून ठरवावे. या दोघांपैकी एकापासून गोष्ट लपवली जाते तेव्हा रुग्णाची ओढाताण होते. डॉक्टर रात्री आठचे पूरक अन्न लिहून देतात, ते घेतले जात नाही, आणि वजन का उतरते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

घास जात नाही तेव्हा

रासायनिक उपचारांत चव बदलते. अन्न कडू किंवा धातूसारखे लागते. अशा वेळी स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा. लिंबू, कोकम, हिंग-जिऱ्याची फोडणी यांनी तोंडाला थोडी चव येते. तोंड आले असेल तर मात्र आंबट, तिखट आणि खरखरीत पदार्थ टाळून थंड, मऊ पदार्थ द्यावेत. मऊ खीर, पातळ केलेला चक्का, गार केलेली दाट पेज. स्वयंपाकाच्या वासाने मळमळत असेल तर रुग्णाला दूरच्या खोलीत बसवावे आणि अन्न कोमट किंवा गार करून द्यावे. भूक सकाळी चांगली असेल तर मोठे खाणे सकाळीच ठेवावे. जेवताना भरपूर पाणी प्यायल्यास पोट आधीच भरते, म्हणून पाणी मधल्या वेळी द्यावे. बद्धकोष्ठ, वेदना, मळमळ आणि तोंडातील बुरशी हीदेखील भूक मारणारी कारणे आहेत. त्यांवर उपचार आहेत. ते डॉक्टरांकडे मागितले पाहिजेत.

तोंड, घसा किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगात भूक असूनही गिळता येत नाही. तेव्हा डॉक्टर नाकातून जठरात जाणारी नळी सुचवतात. अनेक कुटुंबे तिला शेवटची पायरी समजून नकार देतात. आतडे काम करीत असताना वेळेवर घातलेली नळी उपचाराचे आठवडे निभावून नेते, आणि घरचे शुद्ध, गाळलेले अन्न कोणते व किती द्यायचे हे आहारतज्ज्ञ शिकवतात.

अन्नाला कामाची जोड

नुसत्या प्रथिनांनी स्नायू टिकत नाहीत. त्यांना कामही लागते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो स्नायू कमी झाल्याचे आढळले. मायेपोटी ‘तुम्ही उठू नका, सगळे हातात देतो’ असे म्हणणारे घर नकळत ही झीज वाढवते. डॉक्टरांची संमती असेल तर दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून आठ-दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन दंडाचा व्यायाम आणि जेवणानंतर घरातल्या घरात फेऱ्या एवढे पुरेसे असते. हाडांत रोग पसरला असेल, रक्तातील पेशी फार घटल्या असतील किंवा चक्कर येत असेल तर आधी विचारून घ्यावे.

औषधे कोठवर पोहोचली आहेत

भूक वाढवणाऱ्या औषधांत पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील एक अभ्यास महत्त्वाचा ठरला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांचा समावेश होता. ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त औषधाची अल्प मात्रा बारा आठवडे घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. त्यानंतर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आपल्या मार्गदर्शनात या औषधाला स्थान दिले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

जपानमध्ये २०२१ मध्ये अनामोरेलिन या औषधाला मान्यता मिळाली. त्याने वजन वाढते, पण चाचण्यांमध्ये मुठीची ताकद वाढलेली दिसली नाही. स्टेरॉइडने काही दिवस भूक लागते, मात्र ती दीर्घकाळ घेतल्यास स्नायू उलट झिजतात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही सुचवल्या जातात. त्यांच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत असल्यामुळे त्या न घेणाऱ्या रुग्णाने फार काही गमावले असे होत नाही. अन्न, व्यायाम आणि औषध यांपैकी कोणतीही एक गोष्ट आज ही झीज पूर्णपणे थांबवू शकत नाही. ती मंद करता येते, आणि मंदावलेल्या त्या काळात उपचार पूर्ण होऊ शकतात.

आग्रह कोठे थांबावा

रोग फार पुढे गेला आणि उपचारांना प्रतिसाद उरला नाही की अशी वेळ येते, जेव्हा दिलेले अन्न शरीर वापरू शकत नाही. या टप्प्यावर सलाइन किंवा नळीने बळ परत येत नाही. उलट सूज, धाप आणि उलट्या वाढू शकतात. येथे घराची खरी परीक्षा होते. ‘आम्ही त्यांना उपाशी ठेवले’ ही टोचणी मनाला लागते आणि घासागणिक आग्रह होतो. रुग्ण घरच्यांचे मन राखण्यासाठी गिळतो आणि मग त्रास सोसतो. भूक मावळणे ही तेव्हा रोगाचीच खूण असते. त्यात ना सेवेची उणीव असते, ना रुग्णाचा हट्ट. ते कोणते व्रतही नसते. व्रत ही जाणीवपूर्वक घेतलेली प्रतिज्ञा असते, आणि आजाराने आपोआप सुटलेल्या अन्नाला घाईने तिचे नाव देणे दोहोंवर अन्याय करणारे आहे.

अशा वेळी ओठ ओले ठेवावेत, तोंड स्वच्छ ठेवावे, मागितला तर आवडीचा पदार्थ चमचाभर द्यावा, आणि नको म्हटले तर ताट बाजूला सारून हात हातात घेऊन बसावे. आधीच्या महिन्यांत मात्र हेच घर दक्ष असले पाहिजे. वही, वजनकाटा, दर दोन तासांनी भरलेली लहान वाटी आणि दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून उठण्याचा व्यायाम या वस्तू आणि या सवयी फार खर्चाच्या नाहीत. निदान झाले त्याच आठवड्यात त्या सुरू झाल्या, तर स्नायूंचे ते बियाणे बऱ्याच अंशी राखता येते.